स्टीफन स्ट्रीट यांस, क्रॅनबेरीजच्या ध्वनिमुद्रणाबद्दल

प्रिय स्टीफन स्ट्रीट यांस,
स. न. वि. वि.

‘लिंगर’ आणि ‘झॉम्बी’ गिटारवर बसवणाऱ्या आम्हा मराठी मंडळींकडून हे पत्र. आयर्लंडमधल्या लिमरिकच्या क्रॅनबेरीज या बँडच्या यशाचं श्रेय सगळे गायिका डोलोरेस ओरिऑर्डनच्या गळ्याला देतात, आणि ते रास्तच आहे. पण तो गळा नीट ऐकू यावा म्हणून बाकीच्या वाद्यांना आवरलंत तुम्ही, त्यांच्या ध्वनिमुद्रणाचे निर्माते. आभार त्याचे.

नोएल आणि माइक होगन या भावांनी फर्गल लॉलरला घेऊन १९८९ मध्ये बँड काढला तेव्हा गायक दुसराच होता. तो गेल्यावर १९९० मध्ये डोलोरेस आली. नोएलने दिलेल्या कॉर्ड्सवर तिने चाल आणि शब्द रचून आणले, तेच ‘लिंगर’. डेमो, म्हणजे कच्चं ध्वनिमुद्रण, ऐकून लंडनच्या कंपन्या मागे लागल्या, आयलंड रेकॉर्ड्सशी करार झाला. आणि मग १९९१ ची ‘अन्सर्टन’ ही ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांची छोटी ध्वनिमुद्रिका, आली. आधी वाहवा करणाऱ्यांनीच नाकं मुरडली, मॅनेजरशीही फाटलं. अशा वेळी डब्लिनच्या विंडमिल लेन स्टुडिओत तुम्ही सूत्रं हाती घेतलीत.

‘लिंगर’मध्ये डी, ए, सी, जी एवढेच चार कॉर्ड फिरत राहतात. डीला सा धरला तर सी म्हणजे कोमल निषाद. गाणाऱ्याने तिथे सवयीने शुद्ध नी लावला की लगेच खटकतं. लय मिनिटाला साधारण ९५ ठोके. नवखे गिटारवादक पहिल्या ओळीपासून सहाही तारा जोरात झोडतात आणि पुढे गाण्याला चढायला जागाच उरत नाही. तुमच्या मुद्रणात गिटार हलकी आहे, व्हायोलिनांचा ताफा मागे आहे, आणि पार्श्वस्वर डोलोरेसचेच, थरावर थर दिलेले. स्टेजवर एकच गायिका असेल तर हे थर गायब होतात आणि मुखडा पोकळ वाटतो. दुसरा आवाज मिळत नसेल तर निदान कीबोर्डवर स्ट्रिंग्ज धराव्यात.

‘झॉम्बी’चंही तसंच: ई मायनर, सी, जी आणि डी. फक्त शेवटच्या डीच्या तळाशी एफ शार्प हवा. बेस जी, एफ शार्प, ई असा पायरीपायरीने उतरतो. साधा डी वाजवला की तो उतार मोडतो. कडव्यात डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा आवाज खरखरीत करणारा परिणाम, बंद ठेवायचं, मुखड्यालाच पेडल दाबायचं. गाताना आवाज जिथे मुद्दाम फुटतो ती जागा घसा ताणून येत नाही, छातीच्या आवाजातून डोक्याच्या आवाजात झटकन जावं लागतं. ताणणाऱ्याचा घसा दुसऱ्याच गाण्याला बसतो. मार्च १९९३ मध्ये इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनच्या बॉम्बस्फोटांत ३ आणि १२ वर्षांची दोन मुलं गेली, त्यातून हे गाणं आलं. नुसता आरडाओरडा करून ते गाऊ नये, असं आमचं ठाम मत.

पहिला अल्बम १ मार्च १९९३ ला निघाला तेव्हा ब्रिटनमध्ये फारसं कुणी वळून पाहिलं नाही. अमेरिकेत स्वेड या ब्रिटिश बँडबरोबरचा दौरा झाला, एमटीव्हीने ‘लिंगर’ उचललं, ते बिलबोर्डच्या यादीत ८ व्या क्रमांकापर्यंत गेलं. आणि मग जून १९९४ मध्ये तोच अल्बम ब्रिटनमध्ये पहिला आला. एक सूरही न बदलता! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तुमच्याच हातचा ‘नो नीड टू आर्ग्यू’ आला. १९९६ चा अल्बम दुसऱ्या निर्मात्याकडे गेला, गिटार जाड झाल्या. आम्हाला तो कधीच तितका रुचला नाही.

आणखी एका कामाचे वेगळे आभार. १५ जानेवारी २०१८ रोजी डोलोरेस गेली, मागे उरले डेमोतले आवाज. पुन्हा गाऊन घेण्याची सोय नाही, जे आहे त्याच्याच भोवती साज चढवायचा. २०१९ च्या ‘इन द एंड’ या अल्बममध्ये ते तुम्ही उरलेल्या तिघांना घेऊन पूर्ण केलंत.

आपले,
ही गाणी वाजवणारे काही मराठी वादक