अंग ओलं आहे तोवर तेल लावा

पुणे, १० डिसेंबर

ती. बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल फोनवर आई बोलता बोलता सांगून गेली, की बाबा रात्री उठून नडग्या खाजवत बसतात आणि सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसतात. बाबा, तुम्ही मागून म्हणालात, "थंडीत अंग उलतंच, आता वय झालं." मला ते काही पटलं नाही. फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय.

निफाडची थंडी मी तुम्हाला काय सांगणार! पारा पाच-सहा अंशांवर आला की द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून तुम्ही बागेत शेकोट्या पेटवता, पहाटे ठिबक सुरू करता. त्या काळजीतली थोडी स्वतःच्या कातडीच्या वाट्याला येऊ द्या. थंड हवेत बाष्प कमी असतं, त्यामुळे अंगातला ओलावा भराभर उडतो. तरुणपणी कातडीतलं तेल तो धरून ठेवतं. साठी-सत्तरीत ते तेल कमी सुटतं. नडगीवर तर तेलाच्या ग्रंथी मुळातच फार थोड्या, म्हणून खाज पहिली तिथे सुटते. खाजवलं की चिरा पडतात, चिरांमुळे आणखी खाज येते. वयामुळे हे होतं हे खरं, पण म्हणून सोसत बसायचं कारण नाही.

खरा घोळ अंघोळीत आहे. बाबा, बंबातलं वाफाळतं पाणी अंगावर घेतल्याशिवाय तुम्हाला अंघोळ झाल्यासारखी वाटत नाही, हे मी लहानपणापासून बघतेय. पण ते पाणी कातडीवर उरलंसुरलं तेलही धुऊन नेतं. त्यावर पुन्हा डोक्यापासून पायापर्यंत साबण. कातडी किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू (पीएच) साधारण ५ च्या आसपास. साध्या साबणाचा ९ ते १०, म्हणजे उलट अल्कधर्मी. रोज तो सगळ्या अंगाला चोळला तर कातडी सावरणार कधी? साबण फक्त बगला, जांघा आणि पावलांना लावा, बाकी अंगाला नुसतं पाणी पुरतं. आणि पाणी कोमट. बादलीत आईला कोपर बुडवून बघू दे, तिला गरम लागलं तर तुम्ही "गारच आहे" म्हणालात तरी ते गरमच. दहा मिनिटांत बाहेर या.

फवारणीनंतर टाकीजवळच्या नळावर तुम्ही कपड्याच्या साबणाने हात धुता, तेही बंद करा. तिथे अंगाचा सौम्य साबण ठेवा, आणि फवारताना हातमोजे घाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टॉवेलने अंग रगडू नका, नुसतं टिपा. आणि कातडी ओलसर आहे तेवढ्या दोन-तीन मिनिटांतच तेल किंवा व्हॅसलिन लावा. बाबा, तुम्ही मल्चिंग पेपर मातीच्या ओल्या वाफ्यावर अंथरता ना, तसंच हे. व्हॅसलिन ओल देत नाही, असलेली ओल उडू देत नाही. तासाभराने सुक्या अंगाला चोळून निम्मा फायदा जातो. अंघोळीआधी तेल लावून मग साबणाने काढून टाकणं दिवाळीपुरतं ठीक. रोजचं तेल अंघोळीनंतरच.

खोबरेल चांगलं. थंडीत थिजतं, म्हणून वाटी बंबाजवळ ठेवत जा. मोहरीचं तेल मात्र कुणी कितीही सांगितलं तरी नको, कोरड्या कातडीला त्याने त्रास वाढू शकतो. घमघमणारी क्रीमही नकोत. आईच्या हातांना वासाच्या लोशनने लगेच लाली येते, तेव्हा नवीन काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन-चार दिवस लावून बघायचं. आई, भांड्यांच्या साबणाने तुझी बोटं सोलवटतात. रबरी मोजे घाल, आणि काम झालं की नळापाशीच व्हॅसलिनचं बोट फिरव.

तेल लावायचं ते न्हाणीच्या बाहेर, खुर्चीत बसून. तेलकट पायांनी त्या गुळगुळीत फरशीवर चालायचं नाही. ही एक गोष्ट मात्र हुकूम समजा.

टाचांसाठी आई तिच्या माहेरचं, सावंतवाडीचं मुठेल वापरते. कोकमाचं तेल भेगांना खरंच छान. पातळ करून रात्री भेगांत भरायचं, वर सुती मोजे. पण आई, वजरीने सालं निघेपर्यंत घासू नकोस. आणि बाबांच्या टाचांना वजरी लावायचीच नाही, ब्लेडने कडा कापायच्या नाहीत. बाबा, तुम्हाला साखर आहे. पायाची जाण कमी झाली असेल तर चटका बसलेला कळत नाही आणि भेगेतून जंतू शिरलेला लवकर लक्षात येत नाही. म्हणून गरम पाण्यात पाय बुडवणं नाही, पिशवीने शेकणं नाही, बागेत अनवाणी जाणं तर नाहीच नाही. रोज रात्री आईने तळवे उजेडात बघावेत. तेल सगळ्या पावलाला लावा, फक्त बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा, तिथे ओल राहिली की बुरशी धरते.

शेकोटीपाशी बसाल तर लांब बसा. रोज नडग्या शेकल्या की त्या आणखी सुकतात आणि जाळीसारखे काळपट डाग पडतात. शिवाय तेल किंवा व्हॅसलिन मुरलेलं कापड पटकन पेट घेतं, म्हणून तेल लावून आगीजवळ बसूच नका, आणि ती धोतरं, चादरी वरचेवर धूत जा. लोकरीचा स्वेटर थेट अंगावर नको, आत सुती बंडी असू द्या.

मेडिकलमधून "खाजेची ट्यूब" आणू नका. त्यातल्या बऱ्याच ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं, पण महिनोन् महिने लावलं तर कातडी पातळ होते, आणि गजकर्ण असेल तर ते पसरतं. २०१८ मध्ये सरकारने अशी मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला, तरी गावोगावी ती सर्रास मिळतात. डॉक्टरांनी दिलं तर जरूर लावा, सांगितलं तितकेच दिवस.

एवढं करून दोन आठवड्यांत उतार पडला नाही, चिरांतून पाणी किंवा पू आला, तर थांबायचं नाही. पायाला जखम दिसली तर त्याच दिवशी दाखवायचं. आई, तुलाही रात्री खाज सुटते का, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आहे का, ते नीट बघ. दोघांना असेल तर ती खरूज असू शकते, मग औषध दोघांनी एकदमच घ्यावं लागतं. पुरळ नसताना सगळं अंग खाजत असेल तर मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड तपासून घेतात; एखाद्या गोळीनेही असं होतं.

मी येत्या शुक्रवारी रात्री येतेय. शनिवारी सकाळी नाशिकला त्वचेच्या डॉक्टरांकडे वेळ घेतली आहे, त्यामुळे बाबा, त्या दिवशी बागेत मजूर बोलावू नका. आई, बाबांच्या साखरेचे मागचे रिपोर्ट आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत काढून ठेव.

तुमची,
वैशू