लाव्हा बघायला निघालीस म्हणून

चि. मधुरा,
अनेक आशीर्वाद.

एप्रिलच्या सुट्टीत तुम्ही दोघं हवाईच्या बिग आयलंडला निघालाय, हे आईकडून कळलं. मला मुद्दाम सांगितलं नसणार, बाबा सूचना देत बसतील म्हणून. बसलोच आहे.

तिथला किलाउएआ ज्वालामुखी 2024 च्या डिसेंबरपासून थांबून थांबून उसळतोय. त्याचा लाइव्ह कॅमेरा मी सकाळी चहा घेताना लावतो. तिकडं तेव्हा आदल्या दिवसाची दुपार असते. आई म्हणते, शिरोलीची फाउंड्री सुटली, पण ह्यांची भट्टी काही सुटत नाही. कितीतरी दिवस नुसता धूर, आणि मग एकदम कारंजं. 2025 मध्ये ते काही वेळा 300 मीटरच्या वर गेलं होतं. तुम्ही असताना उसळेलच असं नाही, तेव्हा जावईबापूंनी तिकिटाचे पैसे फुकट गेले म्हणून तोंड पाडू नये.

एक मात्र नीट ऐक. ओल्या साच्यात वितळलेल्या लोखंडाचा रस पडला की काय होतं, हे तू माझ्याकडून लहानपणापासून ऐकलंयस. पाण्याची क्षणात वाफ होते, तिला वाट मिळत नाही आणि रस उडून अंगावर येतो. लाव्हा समुद्रात शिरतो तिथं हेच होतं, वर खाऱ्या पाण्यातून आम्लाची वाफ निघते. सध्या तो विवरातच पडतोय. पण 2018 साली सातशेच्या आसपास घरं गिळून समुद्रापर्यंत गेला होता, आणि बोटीतून बघायला गेलेल्यांच्या अंगावर तापलेले दगड येऊन पडले. पुनालुउच्या किनाऱ्यावरची काळी वाळू बघायला जाल, ती असल्याच स्फोटांतून झालेली. तर जिथं दोरी बांधलीय तिच्या अलीकडंच उभं राहायचं. फोटोसाठीसुद्धा पलीकडं नाही.

जावईबापूंना दमा आहे. विवरातून सल्फर डायऑक्साइड येतो, वारा आपल्याकडं फिरला की सरळ गाडीत बसा. इन्हेलर खिशात हवा, बॅगेत नको. कारंजं उसळून गेल्यावर काचेचे केसासारखे बारीक तंतू वाऱ्यावर पसरतात. भट्टीतल्या वितळलेल्या मळीवर हवेचा झोत बसला की आमच्याकडंही निघायचे. बोटात घुसले की दिसत नाहीत, नुसते सलत राहतात. हात लावू नकोस.

मौना केआचा डोंगर 4207 मीटर आहे. वाटेतल्या केंद्रावर निदान अर्धा तास थांबून मगच वर जा. स्कूबा केलं असेल तर चोवीस तास वर जायचंच नाही. स्वेटर घे, हे आईनं लिहायला सांगितलंय.

दगड उचलून आणू नकोस, पार्कात मनाई आहे. काळा दगड हवाच असेल तर इकडं ये, आपला सगळा काळा पत्थर लाव्हाचाच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि विमानाचं जादा वजन भरावं लागत नाही.

आता माझं काम. अंधार पडल्यावर रंग नीट बघ. आमचा रस पांढरट पिवळा असला तरच ओतायचा. तांबूस झाला की साचा पुरता भरत नाही. लाव्हा आपल्या बिडाच्या रसापेक्षा दोनेकशे अंशांनी थंड असतो म्हणतात, म्हणजे नारिंगी दिसायला हवा. कॅमेऱ्यात रंग खरा कळत नाही. जावईबापूंना विचारू नकोस, त्यांना सगळं लालच दिसणार. तू बघ आणि फोन कर. व्हिडिओ आईच्या नंबरवर टाक, माझा फोन भरलाय.

तुझे
बाबा