सुध्या, ब्रोकनच बरी होती

प्रिय सुध्या,

सहा महिने पत्र नाही, त्याबद्दलच्या शिव्या एकदाच घालून घे आणि पुढे वाच. तब्येत बरी. गुडघा कुरकुरतो, तेवढंच.

काल पहाटे कप हातात धरून एकटाच हसत बसलो होतो. ही म्हणाली, "काय झालं?" आता हिला काय सांगणार! अख्ख्या पानाचा चहा भारी की तुटलेल्या, ब्रोकन पानाचा, या आपल्या भांडणात तू बरोबर होतास. लेखी देतोय, जपून ठेव.

माझा रोजचा चहा बिघडला. डबा तोच, लेबल तेच, मिश्रण मात्र बदललेलं. रंग भरपूर, चव पुठ्ठ्याची. मग शोध सुरू. आधी अक्षरांच्या नादी लागलो. टीजीएफओपी, म्हणजे टिपी गोल्डन फ्लावरी ऑरेंज पेको, डब्यावरची पानाची प्रत! जितकी अक्षरं जास्त तितका चहा भारी, हा माझा हिशेब. ती अक्षरं पानाचा आकार आणि कोवळी टोकं किती ते सांगतात, चवीची हमी देत नाहीत, हे तू कॅन्टीनच्या बाकावर घसा फोडून सांगत होतास आणि मी तुला 'भुकटीभक्त' म्हणत होतो. (ऑरेंज पेकोत संत्रं असतं अशी पैज लावून विन्या हरला होता. अजून दिले नाहीत त्याने.)

मग फर्स्ट फ्लश, म्हणजे हंगामातल्या पहिल्या खुडणीचं, दार्जिलिंग आणलं. सुरेख, फुलासारखं. पण दूध घातलं की गायब, आणि नीट लक्ष दिलं तरच बोलणारं. सकाळी सहाला मी कुणाकडेच लक्ष देत नाही.

शेवटी आसामची साधी बीओपी, म्हणजे ब्रोकन ऑरेंज पेको. सीटीसी (यंत्रात चिरडून केलेले दाणे) नव्हे, ऑर्थोडॉक्सच (वळून वाळवलेलं पान), पण तुटलेलं. अडीच ग्रॅम (हो, वजनकाटा घेतलाय, हस), २०० मिली उकळतं पाणी, वर झाकण, चार मिनिटं. अख्खं पान निवांत उलगडतं. तुकड्याला पाणी सगळीकडून भिडतं, म्हणून लवकर उतरतो. तांबूस रंग, गोडसर दाट वास, शेवटी जिभेवर जरासा तुरटपणा. दुधातही टिकतो. फोन घ्यायला गेलो त्या दिवशी मात्र कडू जहर झाला. १०० ग्रॅममध्ये ४० कप. किलोचा भाव नको, कपाचा बघ, हेही तुझंच ना?

आता झोप उडालीय ती वेगळ्याच कारणाने. हा लॉट संपला की? एकाच बागेचा चहा मे-जूनमध्ये वेगळा, पावसात वेगळा. म्हणूनच तर मिश्रणं करतात. किलोभर भरून ठेवू? हवाबंद, अंधारात ठेवला तर वर्षभर हरकत नाही. पण मागे डबा साबणाच्या वड्यांशेजारी ठेवला आणि आठवडाभर चहा पिऊन आंघोळ झाल्यासारखं वाटायचं. तू काय करतोस? खरं सांग, भाषण नको.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? चिंगीचा निकाल लागला का? कळव.

सोबत ५० ग्रॅमची पुडी आहे. चार मिनिटं, दूध नंतर. विन्याला दाखवू नकोस, तो उकळत ठेवेल.

तुझा,
पंड्या