खोडलेलं कुठे जातं?

प्रिय मित्रा,

शाळेत डिजिटल चित्रकलेचा तास सुरू होतोय आणि मुलांच्या कामाच्या नोंदी ठेवायचं काम तुझ्याच गळ्यात पडलंय, हे वाचून हसू आलं. टाइमलॅप्स, म्हणजे चित्र घडतानाचा भरभर पळणारा व्हिडिओ, चालू ठेवला की झालं, असं तू लिहितोस. इथेच तुझ्याशी थोडं भांडायचंय.

प्रोक्रिएट या चित्रकलेच्या अ‍ॅपमध्ये रेकॉर्डिंग आपोआप होतं, क्रिटा या दुसऱ्या अ‍ॅपमध्येही रेकॉर्डर आहे. बघायला मजा येते, पालक तर हरखूनच जातात. पण त्यात फक्त हात दिसतो. कॅनव्हासवर काही घडलं तरच ते टिपलं जातं, त्यामुळे पोर स्टायलस, म्हणजे टॅब्लेटचं पेन, खाली ठेवून चित्राकडे टक लावून बसलं होतं, तो सगळा वेळ व्हिडिओतून गळून जातो. आणि खरं चित्र बहुतेकदा तेव्हाच ठरत असतं!

कागदावर निदान खोडरबराचे डाग राहतात. डिजिटल चित्रात शेवटची कृती पुसून टाकणारं ‘अनडू’ तेवढंही मागे ठेवत नाही. पिकासो १९३७ साली ‘गेर्निका’ हे युद्धावरचं चित्र रंगवत होता, तेव्हा छायाचित्रकार डोरा मारने टप्प्याटप्प्यावर त्या चित्राचे फोटो काढले. सुरुवातीच्या फोटोंत खाली पडलेल्या योद्ध्याचा मूठ आवळलेला हात ताठ वर गेलेला आहे. पूर्ण झालेल्या चित्रात तो उगारलेला हात नाहीच. एवढा ठसठशीत हात काढून टाकायला काय धीर लागला असेल, हे नुसतं चित्र बघून कसं कळणार?

म्हणून माझ्या वर्गात नियम एकच: बेत बदलला की फाइल नव्या नावाने सेव्ह करायची. क्रिटामध्ये ‘सेव्ह इन्क्रिमेंटल व्हर्जन’ दिलं की नावापुढचा आकडा आपोआप वाढतो. नको झालेला लेयर, म्हणजे चित्राचा वेगळा थर, उडवायचा नाही, नुसता लपवायचा, आणि त्याच्या नावातच कारण लिहायचं. एका मुलीच्या फाइलमध्ये ‘घोडा नको’ नावाचा लेयर सापडला. उघडला तर घोडा झकास काढलेला, अगदी आयाळीच्या एकेका केसासकट. का लपवलास म्हणून विचारलं, तर म्हणाली, “सर, तो आला की सगळे त्याच्याकडेच बघतात. मागची म्हातारी कुणाला दिसतच नाही.” रचनेबद्दल मी वर्षभर जे घसा फोडून सांगत होतो, ते तिने दोन वाक्यांत उरकलं.

मात्र या नोंदींच्या संख्येवर मार्क ठेवू नकोस. ठेवलेस तर पोरं आधी चित्र पूर्ण करतील आणि मग मागाहून ‘कच्ची रेखाटनं’ पाडतील. इतकी हुशार ती असतातच. माझ्याकडे सरळ रेषेत, एकही वळण न घेता पुढे गेलेली नोंदवही आली की मला आधी शंका येते. आणि अर्धवट काम भिंतीवर लावण्याआधी ज्याचं त्याला विचार. काहींना ते दाखवायची खरंच लाज वाटते.

बाकी फाइली साठवायला जागा कमी पडेल, त्याची सोय आत्ताच कर. लेयर वाढले की त्या भलत्याच फुगतात.

एक विचारायचं राहिलं. तुमच्याकडे टॅब्लेट प्रत्येकाला आहे की दोघांत एक? एकाच फाइलवर दोघं काम करतात तेव्हा कुठला निर्णय कोणाचा, हे मला अजून नीट नोंदवता आलेलं नाही. तुला काही सुचलं तर लगेच लिही.

तुझाच,
जुना बेंचमित्र