आधी विचारणे: कलादालनात काम करणाऱ्या मुलीस पत्र

डहाणू

चि. माऊस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. दोन महिने खपून आखलेले मूळनिवासी चित्रांचे प्रदर्शन ऑस्ट्रेलियातल्या तुमच्या कलादालनाच्या मूळनिवासी सल्लागारांनी ‘आमच्या समाजातल्या ज्येष्ठांचा होकार येईपर्यंत थांबा’ म्हणून अडवले, आणि वर तुला वर्ण-साक्षरतेच्या, म्हणजे वर्णभेद ओळखायला शिकवणाऱ्या, शिबिराला बसवले, याचा राग तुझ्या अक्षरांतही उतरला आहे. ‘मी तर गोरी नाही, मग हे धडे मला कशासाठी?’ असे तू विचारतेस. याचे उत्तर देण्याआधी आजवर तुला न सांगितलेली एक गोष्ट सांगतो.

मी डहाणू तालुक्यातल्या पाड्यावरच्या शाळेत शिक्षक होतो, तेव्हा तपासणी जवळ आली म्हणून शाळेची दर्शनी भिंत ‘वारली पद्धतीने’ रंगवून घेतली. रंगवणारा शहरातला होता आणि त्याच्या हातात जुने कॅलेंडर होते. गेरूच्या रंगावर पांढऱ्या तैलरंगाने त्याने झाडे, माणसे काढली आणि नळाच्या वर, मुले चपला काढत तिथेच, एक मोठा नक्षीदार चौक काढला. दुसऱ्या दिवशी नातीला सोडायला आलेली एक म्हातारी त्या चौकापुढे बराच वेळ उभी राहिली आणि मला म्हणाली, “लगीन कोनाचं?” मी हसून म्हणालो, “लग्न नाही आजी, शोभेसाठी आहे.” ती काही न बोलता निघून गेली. चौक लग्नातच काढतात, तांदळाच्या पिठाने तो सुवासिनी काढतात, त्यात पालघट देवी बसते आणि धवलेरीच्या, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईच्या, गाण्यांशिवाय ते लग्न लागत नाही, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. ज्यांच्या घरचे ते दैवत होते त्यांची मुले माझ्यासमोर रोज बसत होती, आणि त्यांपैकी एकाच्याही आईला मी विचारले नव्हते. मी त्या गावात साक्षरता शिकवत होतो आणि ती भिंत मला वाचता येत नव्हती.

म्हणूनच तुझ्या त्या देशातला एक प्रसंग वाचला तेव्हा मी अस्वस्थ झालो. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियाने डॉलरचे चलन सुरू केले, तेव्हा एक डॉलरच्या नोटेच्या मागच्या बाजूला उत्तरेकडच्या आर्नहेम लँडमधले मूळनिवासी चित्रकार डेव्हिड मलंगी यांच्या चित्रावरून नक्षी घेतली. झाडाच्या सालीवरचे ते चित्र गुरमिरिंगू या आद्य शिकाऱ्याच्या अंत्यविधीचे, म्हणजे त्यांच्या कुळाच्या ठेव्यातले होते. नोट लाखो हातांत फिरत होती, पण चित्रकाराला कोणी विचारले नव्हते आणि कळवलेही नव्हते. तिकडच्याच मिलिंगिंबीच्या शाळेतल्या एका शिक्षकाने रिझर्व्ह बँकेला पत्र लिहिले तेव्हा बँकेने मलंगींना एक हजार डॉलर, एक पदक आणि मासेमारीचे सामान दिले. त्या शिक्षकाला चित्र ओळखता आले याचा मला आजही हेवा वाटतो. पण बँकेने जे दिले ते मागाहून मानलेले आभार होते. आभार आणि परवानगी यांतले अंतर ज्याला दिसते, त्यालाच मी या बाबतीत साक्षर म्हणेन.

पुढे व्हिएतनाममध्ये विणलेल्या गालिच्यांवर ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासी चित्रकारांची चित्रे विनापरवाना उतरवून ते ऑस्ट्रेलियात विकले गेले. बांडुक मारिका यांनी काढलेले पवित्र पाणवठ्याचे चित्र लोकांच्या पायांखाली आले. त्यांच्या समाजाच्या कायद्यात अशा चित्राची राखण करणे हे चित्रकाराचे कर्तव्य असते, त्यामुळे चोरी दुसऱ्याने केली तरी जबाब स्वकीयांना चित्रकारालाच द्यावा लागतो. १९९४ मध्ये संघीय न्यायालयाने १,८८,६४० डॉलर भरपाई ठरवली आणि तीत या सांस्कृतिक दुखापतीचीही किंमत धरली. मला अधिक मोलाचे वाटते ते हे की आठ चित्रकारांची (त्यांतले पाच तेव्हा हयात नव्हते) भरपाई एकत्र मांडली गेली, म्हणजे वाटप त्यांना आपल्या रीतीने करता यावे. प्रतिवादी दिवाळखोर निघाले आणि ती रक्कम चित्रकारांच्या हाती पडली नाही. तरीही काय गमावले आणि ते कसे भरून निघावे, हे ज्यांचे गेले त्यांच्याकडून ऐकून घ्यायला न्यायालय तयार झाले, हे थोडे नव्हे.

तू कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात अजून गेली नसशील तर अवश्य जा. गोऱ्यांच्या वसाहतीला १९८८ मध्ये २०० वर्षे झाली आणि देशभर सोहळे झाले, तेव्हा आर्नहेम लँडमधल्या रामिंगिनिंगच्या ४३ चित्रकारांनी अस्थी ठेवण्याचे २०० पोकळ ओंडके रंगवले, वर्षाला एक याप्रमाणे. ही कल्पना बुंजालुंग या मूळनिवासी समाजातले जॉन मंडाइन यांची होती, आणि रंगवणाऱ्यांत तेच मलंगी होते. त्यांच्याकडच्या ग्लाइड नदीच्या काठाने ज्या कुळाची भूमी जिथे, दालनातल्या मांडणीत तिथेच त्या कुळाचे ओंडके उभे आहेत आणि मधून नदीसारखी वाट जाते. मांडणी कोणी ठरवावी याचे उत्तर त्या वाटेवरून चालताना पायांनाच कळेल.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. रंगावरून माणसे अडवणारा कायदा त्या देशाने १९०१ मध्ये केला आणि ते धोरण पुरते मोडायला १९७३ उजाडले, म्हणून ‘आपणही सोसलेलेच’ असे तुला वाटणे साहजिक आहे, आणि तुला तिथल्या लोकलमध्ये ऐकावे लागलेले शब्द मी विसरलेलो नाही. पण त्या भूमीवर तू पाहुणी आहेस, आणि इथे माझ्या जातीने व माझ्या नोकरीने मला जी खुर्ची दिली होती तशीच एक खुर्ची तिथे तुला मिळाली आहे. मी माझ्या खुर्चीतून म्हातारीला हसून उत्तर दिले. तुझे प्रदर्शन लांबले तर लांबू दे. ज्येष्ठ ‘नको’ म्हणाले तर ती चित्रे काढून घे, आणि का, असे पुन्हा पुन्हा विचारून त्यांना शिणवू नकोस.

आईने तुझ्यासाठी वारली नक्षीची छापील चादर आणून ठेवली होती, ती मी पाठवलेली नाही. या कलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी ती चादर कोणाच्या हातून आली हे दुकानदाराला सांगता आले नाही. येत्या रविवारी गंजाडला जाऊन तिथल्या चित्रकारांना विचारणार आहे की परदेशातल्या घरात त्यांचे काय लावलेले त्यांना चालेल. ते काय म्हणतात ते पुढच्या पत्रात कळवतो.

तुझा,
बाबा