८१ नंबरचा होसा

शिकागो,
२६ जून २०१७

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. नमस्कार.

बाबा, काल फोनवर तुम्ही विचारलंत, "तुझ्या टीमने हे काय मांडलंय?" आणि तेवढ्यात लाइन गेली. म्हणून सविस्तर लिहिते. आई, तूही वाच, कारण पुढे तुझ्यासाठीही आहे.

बुधवारी बातमी आली की आमच्या शिकागो ब्लॅकहॉक्स या आइस हॉकी टीमचा मरियन होसा येणारा अख्खा मोसम खेळणार नाही. कागदावर ही निवृत्ती नाही, करार २०२१पर्यंतचा आहे. पण माणूस ३८ वर्षांचा, आता कुठला परत येतोय! बाबा, हा तुमचा लाडका ८१ नंबर. २०१५च्या जूनमध्ये तुम्ही इथे होतात, बाहेर वादळी पाऊस आणि आपण तिघं टीव्हीसमोर. शिकागोने टँपा बेला २-० हरवून स्टॅन्ले कप, म्हणजे इथल्या लीगचं विजेतेपद घेतलं, १९३८नंतर पहिल्यांदा घरच्या बर्फावर. गोल केले डंकन कीथ आणि पॅट्रिक केनने, तुम्ही मात्र होसाकडेच बघत होतात. समोरच्याने चकती घेऊन धाव काढली की हा मागून येऊन दांडा खाली घालून ती अलगद काढून घ्यायचा. "फॉरवर्ड असून हाफसारखा मागे पळतो बघ," असं म्हणून तुम्ही सोफ्यावरच उजवं मनगट वळवून दाखवलंत. खडकीच्या हॉकी मैदानावरचं ते मनगट मी लहानपणापासून ओळखते.

त्याची कथा मी तेव्हाच सांगितली होती. २००८ला पिट्सबर्गकडून खेळताना अंतिम फेरीत डेट्रॉइटशी हरला. मग डेट्रॉइटकडे गेला, तर २००९ला पिट्सबर्गशीच हरला. मग शिकागोत आला आणि २०१०ला जिंकला, तेव्हा कर्णधार टेव्झने कप सगळ्यात आधी याच्याच हातात दिला. पुढे २०१३ आणि २०१५. गेल्या मोसमातही ७३ सामन्यांत २६ गोल आहेत. थकलेल्या माणसाचे हे आकडे नाहीत, म्हणूनच सगळ्यांना धक्का बसला.

कारण काय, तर त्वचेचा आजार. वाढत जाणारा, गेली काही वर्षं गुपचूप उपचार चालू होते. अंगावर पॅड चढवले की त्रास, आणि त्रासासाठी घेतलेल्या औषधांचे दुष्परिणाम आणखी वाईट. आता इथे लोक काय म्हणतात ऐका. त्याचा करार असा आहे की आतापर्यंतचे मोठे पगार संपले, पुढची चार वर्षं वर्षाला फक्त १० लाख डॉलर. टीमच्या पगारमर्यादेत, म्हणजे सगळ्या खेळाडूंवर मिळून लीग जेवढा खर्च करू देते त्यात, मात्र तो ५२ लाख ७५ हजारांना धरला जातो. दीर्घकाळ आजारी म्हणून नोंदवला की तेवढी सवलत टीमला मिळते. झालं, "आजार बरा सोयीचा निघाला," असं माझ्या ऑफिसातसुद्धा चाललंय. मला संताप येतो. १९ मोसम खेळलेला माणूस खाज सुटते म्हणून घरी बसेल का? त्वचेचं दुखणं लोकांना दुखणंच वाटत नाही.

मग शुक्रवारी बदल्या. हो बाबा, ट्रेड म्हणजे बदलीच. तुमची खडकीहून वरणगावला झाली होती तशीच, फक्त इथे ऑर्डर सकाळी निघते आणि दुपारपर्यंत साऱ्या गावाला कळते. एप्रिलमध्ये नॅशव्हिलने आम्हाला प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत सलग चार सामने हरवून धुतलं, तेव्हापासून काहीतरी होणार हे दिसत होतं. आमचा बचावपटू निकलस याल्मर्सन ॲरिझोनाला गेला, बदल्यात कॉनर मर्फी आणि आणखी एक तरुण पोरगा. आर्टेमी पनारिन कोलंबसला गेला आणि ब्रँडन साद परत आला, ज्याला दोन वर्षांपूर्वी आपणच तिकडे पाठवलं होतं.

पनारिनचं मी समजू शकते. त्याचा आणि सादचा पगार सारखाच, वर्षाला ६० लाख. पण पनारिनच्या करारात दोनच वर्षं उरलीत, सादच्या चार. दोन वर्षांनी पनारिन मागेल ती रक्कम ७.५ कोटी डॉलरच्या पगारमर्यादेत बसणारी नव्हती. तरी माझ्या मते हा सौदा तोट्याचाच. दोन मोसमांत ३० आणि ३१ गोल करणारा, केनबरोबर डोळे मिटून पास खेळणारा माणूस हिशेबाच्या वहीत मावत नाही. साद चांगला आहे, पण तो पनारिन नाही.

याल्मर्सनचं मात्र फार लागलं. त्याचं काम एकच, चकतीच्या आडवं अंग घालणं. २०१४ला गळ्यावर चकती बसली, डॉक्टरांनी बोलायला बंदी केली, तर न बोलता खेळला. तीन कप त्याच्या अंगावरच्या काळ्यानिळ्या डागांतून आले. मर्फी तरुण आहे, करार लांबचा आहे, सगळं खरं. पण ज्याने दहा वर्षं मार खाल्ला त्याला असं एका सकाळी पाठवणं मला पटलेलं नाही, पटणारही नाही.

आता आई. होसाचं वाचलं तेव्हापासून तुझे हात डोळ्यांसमोर आहेत. बोटांच्या पेरांना पडलेल्या त्या चिरा, कणीक मळताना तू हळूच दाबतेस तो ओठ. मावशी म्हणाली होती, "एवढंसं इसब, त्याचं काय कौतुक!" आणि तू हसून पदराखाली हात घेतलेस. मीही तेव्हा गप्प बसले, त्याची आता लाज वाटते. भांड्यांना बाई लाव. पैशांचं माझ्याकडे. डॉक्टरांनी दिलेलं मलम फ्रिजच्या दारात पडून असेल, ते संपलंय की तसंच आहे हे बाबांनी बघून मला कळवावं.

बाबा, रविवारी व्हिडिओवर फोन करीन. खेळाचं नंतर बोलू, आधी आईचे दोन्ही हात उजेडात, कॅमेऱ्यासमोर धरायला लावा.

तुमची,
मनू