स्टीपलचेसचा अडथळा पडत नाही

पुणे,
रविवार, रात्र

प्रिय संतोष,

सप्रेम नमस्कार. तुझा तो लांबलचक मेसेज वाचला. फोनवर तू नुसतं 'बघू' म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून म्हटलं सरळ लिहायलाच बसावं.

भरतीच्या अकॅडमीत आलेल्या पाहुण्यांनी धावपटू अविनाश साबळेचं उदाहरण दिलं, 'गरिबीनेच त्याला घडवलं' म्हणाले, आणि तेव्हापासून तुला वाटतंय की आपल्यातच काहीतरी कमी आहे. मला त्या पाहुण्यांचा रागच आला. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा पोरगा लहानपणी शाळेसाठी रोज काही किलोमीटर तुडवायचा, हे खरं. पण त्या पट्ट्यात तसं चालणारी पोरं काय थोडी होती? दुष्काळ तोच, रस्ताही तोच. दिवाळी उरकली की आईबापाबरोबर ऊसतोडीला जाणारी आपल्या वर्गातली पोरं आठव. गरिबीनं त्यांना काय घडवलं? त्यांची शाळा तेवढी सुटली.

साबळेचं खरं घडणं बारावीनंतरचं. तो 5 महार या सैन्याच्या पलटणीत भरती झाला. सियाचीन, राजस्थान, सिक्कीम अशा पोस्टिंग केल्या. सैन्यातच क्रॉस कंट्री पळायला लागला आणि अमरीश कुमार या प्रशिक्षकांनी त्याला स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या तीन हजार मीटरच्या शर्यतीकडे वळवलं. म्हणजे दोन वेळचा खुराक, पळायला हक्काचा वेळ आणि चूक दाखवणारा वस्ताद. भाषणात हे कुणी सांगत नाही, कारण त्याला टाळ्या पडत नाहीत.

मागे बालेवाडीला मी पाण्याच्या अडथळ्याशेजारी उभा राहून ही शर्यत बघितली होती. टीव्हीवर काही कळत नाही रे. 110 मीटर हर्डल्समध्ये पाय लागला तर हर्डल आडवं होतं आणि खेळाडू पुढे निघून जातो. इथं तसं नाही. जाडजूड चौकोनी लाकडी तुळई, पुरुषांसाठी 91.4 सेंटीमीटर उंच, आणि अख्खा अडथळा 80 ते 100 किलोंचा. धडकलास तर तूच पडणार. तीन हजार मीटरमध्ये असे 28, शिवाय 7 वेळा पाणी. पाण्याच्या अडथळ्यावर बहुतेक जण चक्क पाय ठेवतात. एक पाय तुळईवर, अंग पुढं झुकलेलं, आणि तिलाच रेटा देऊन पलीकडे. खड्डा अडथळ्याजवळ सगळ्यात खोल आणि पुढं उथळ होत जातो. त्यामुळे ज्यानं नीट रेटा दिला तो घोट्याएवढ्या पाण्यात पडून पळत सुटतो, आणि जो बिचकला तो खोलात उतरतो. एक पोरगा प्रत्येक फेरीला बिचकायचा. चार पावलं आधीच त्याचा वेग मरायचा, आणि बूट पाण्यानं जड झाले की पुढचा अडथळा त्याला आणखी उंच वाटत असणार.

तुझं मला नेमकं तेच दिसतं. अण्णांचं आजारपण, गोठा, पहाटेचं दूध हे काही हलणार नाही. पण भरतीच्या लेखी परीक्षेला अजून अवकाश असताना तू आत्तापासूनच पाय आखडून बसलायस.

आणि साबळेचंही सगळं सरळ झालं असं नाही. 2019 ला दोहाच्या जागतिक स्पर्धेत हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, दुसऱ्याच्या धडपडण्यानं त्याची वाट अडली. भारताच्या संघानं दाद मागितली म्हणून अंतिम फेरीत जागा मिळाली, आणि तिथं त्यानं 8:21.37 मिनिटांचा राष्ट्रीय विक्रम केला. टोकियो ऑलिम्पिकला पुन्हा विक्रम, 8:18.12, तरी अंतिम फेरी हुकली. 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुलात सुवर्ण फक्त 0.05 सेकंदानं गेलं. रौप्य मिळालं, पण 1994 नंतर या शर्यतीत केनियाबाहेरच्या कुणाला पदकच मिळालं नव्हतं. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत शेवटी सुवर्ण आलं. यातल्या दोहाच्या गोष्टीत मला सगळ्यात जास्त काय भावतं सांगू? वेळेवर अर्ज लिहिणारं कुणीतरी त्याच्या पाठीशी उभं होतं.

आणि मग 2025 च्या जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत तो पाण्याच्या अडथळ्यापाशीच पडला. गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, शस्त्रक्रिया झाली, जागतिक स्पर्धा गेली. आता सांग, त्या फाटलेल्या लिगामेंटनं त्याला काय घडवलं? काही अडचणी नुसतं नुकसान करून जातात. त्यांना गुरू वगैरे म्हणायची काही गरज नाही. अण्णांच्या आजारपणालाही तू म्हणू नकोस.

तर आता कामाचं. माझ्या खोलीतला पार्टनर या महिनाअखेरीला सोडून जातोय. ती कॉट तुझी. मेसचं मी बघतो, त्यावर वाद नको, नोकरी लागली की व्याजासकट वसूल करीन. अभ्यासिका चालत पाच मिनिटांवर आहे, आणि सकाळी टेकडीवर पळणारी चार पोरं ओळखीची आहेत. त्यातला एकजण सोळाशे मीटरचा टायमिंग अगदी निर्दयपणे लावतो. गोठ्याचं मी तुझ्या चुलत्यांशी बोललोय. सकाळचं दूध ते काढतील, संध्याकाळचं वहिनी बघतील म्हणाले. दोन गाई विकायच्या की नाही हे अण्णांनाच विचार. ते स्पष्ट बोलतील, तूच उगाच त्यांच्यासमोर गप्प राहतोस.

येताना जुने स्पाइक्स आणू नकोस, त्यांचा सोल गेलाय. आणि काकूंच्या हातची शेंगदाण्याची चटणी जास्तच आण, इथली मेसवाली मिठाशिवाय काही घालत नाही. आकांक्षाला अभ्यासाबद्दल विचारलंय म्हणून सांग.

कधी निघतोयस ते कळव. स्वारगेटला घ्यायला येतो.

तुझा,
विठ्ठल